मोडेन पण वाकणार नाही : ‘ब्रिटल’ आणि त्याचे भाऊबंद



नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या डोंगरांत हरसूल नावाचे गाव आहे. आजूबाजूच्या पाड्यांचे ते बाजाराचे गाव. बाजाराच्या दिवशी आपण तेथे फेरफटका मारावयास गेलो आहोत अशी कल्पना करू. एका बाजूला कुंभाराची मडकी मांडलेली आहेत. शेजारी काचेच्या बांगड्या. पुढे अंडी आणि पिकलेले टोमॅटो, नागलीचे पापड, बांबूच्या टोपल्या. कोपऱ्यावर बिडाचे तवे आणि दगडाचे पाटे-वरवंटे रचून ठेवले आहेत, तर त्याच्या बाजूला दोन दिवसांत चाके निखळतील अशी प्लॅस्टिकची खेळणी.

आता एक प्रश्न. यांपैकी सहज मोडणाऱ्या वस्तू कोणत्या? आणि त्यांना इंग्रजीत काय म्हणावे?

तुम्ही शब्दकोश उघडाल. ‘ब्रिटल’ या शब्दापुढे ठिसूळ, नाजूक, भंगुर असे अर्थ सापडतील. ‘फ्रॅजाइल’पुढेही नाजूक, ठिसूळ, भंगुर असेच काहीसे लिहिलेले असेल. मग मनात येईल की, हे दोन शब्द एकाच अर्थाचे. कोणताही वापरला तरी चालेल. असे समजून एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले, “टोमॅटो ब्रिटल असतो” आणि “बिडाचा तवा फ्रॅजाइल असतो,” तर व्याकरणाची एकही चूक त्यात नसेल. तरीही दोन्ही वाक्ये चुकीचीच. ती का चुकली, हे आज आपण पाहू या. हा प्रश्न केवळ इंग्रजीच्या तासाचा नाही. त्याचे अर्धे उत्तर विज्ञानाच्या तासाला मिळते.

आपल्या भाषेपासून सुरुवात

हरसूलच्या परिसरातील पुष्कळ मुलांची घरची बोली एक, शाळेतली मराठी दुसरी आणि इंग्रजी तिसरी. अशा वेळी परक्या भाषेतल्या बारीक छटा अवघड वाटणे स्वाभाविक आहे. पण घाबरण्याचे कारण नाही. या बाबतीत आपण रिकाम्या हाताने आलेलो नाही.

मराठीत काठी मोडते, दोरी तुटते, मडके फुटते, कापड फाटते, बांगडी पिचते, काचेला तडा जातो, भिंत ढासळते आणि पापडाचा चुरा होतो. ‘दोरी फुटली’ किंवा ‘मडके फाटले’ असे लहान मूलसुद्धा म्हणत नाही. वस्तूचा आकार कसा आहे, ती वाकते की नाही, तिचे तुकडे कसे होतात, हे सारे आपण क्रियापद निवडतानाच लक्षात घेतो; फक्त आपल्याला त्याची जाणीव नसते. इंग्रजीत काठी, दोरी आणि मडके या तिघांनाही ‘ब्रेक’ हे एकच क्रियापद चालते. कापडासाठी किंवा फुग्यासाठी निराळी क्रियापदे आहेत खरी, पण ‘ब्रेक’चा पसारा फार मोठा आहे. उलट, वस्तू मोडण्यापूर्वीच तिचा स्वभाव सांगणारी विशेषणे मात्र इंग्रजीत भरपूर आहेत.

थोडक्यात, जो भेद इंग्रजी भाषा विशेषणात ठेवते, तो मराठी पुष्कळदा क्रियापदात ठेवते. म्हणून इंग्रजी विशेषण निवडताना अडखळलात, तर आधी स्वतःला विचारा : ही वस्तू मराठीत मोडते, तुटते, फुटते, फाटते की चुरते? निम्मे काम तेथेच होईल.

जाता जाता एक गंमत. मंगल वस्तूंच्या बाबतीत आपण ‘फुटणे’ हा शब्दच टाळतो. नारळ ‘वाढवला’ म्हणतो. बांगडी ‘वाढली’ म्हणतो. शब्दाला शब्द ठेवून याचे भाषांतर केले तर नारळाचे झाड उंच झाले असे इंग्रज वाचकाला वाटेल! शब्दकोश शब्दांचे अर्थ देतो. त्यांच्या वापरामागचा विचार आपणच शोधावा लागतो.

‘ब्रिटल’ : पदार्थाचा स्वभाव

‘मोडेन पण वाकणार नाही’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. बाणेदार माणसाचे वर्णन करण्यासाठी ती वापरतात. पण विज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर ‘ब्रिटल’ या शब्दाची याहून नेमकी व्याख्या सापडणार नाही. ताण वाढत गेला असता जो पदार्थ कायमचा वाकत नाही, ताणला जात नाही, चेपत नाही, तर एका क्षणी एकदम तडकतो, तो ब्रिटल. मराठीत यासाठी ‘ठिसूळ’ हा शब्द आपण पाठ्यपुस्तकात वापरतो.

येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ठिसूळ म्हणजे दुबळा नव्हे. बिडाचा तवा घ्या. त्यावर रोज भाकरी भाजा, त्यावर उभे राहा, काही होणार नाही. पण तोच तवा उंचावरून फरशीवर पडला तर त्याचे दोन तुकडे होऊ शकतात. पोलादी पत्र्याचा पातळ तवा पडला तर त्याला पोचा येईल, तो वाकेल, फुटणार नाही. बीड मजबूत आहे, पण ठिसूळ आहे. ‘ब्रिटल’च्या विरुद्ध टोकाला ‘मजबूत’ हा शब्द नाही. तेथे ‘चिवट’ हा शब्द आहे.

असे का होते? पोलादात लोहाच्या अणूंचे थर ताण आला की एकमेकांवरून थोडे सरकू शकतात. त्यामुळे पोलाद वाकते आणि वाकता वाकता बरीच ऊर्जा पचवते. बिडात कार्बनचे प्रमाण साधारण २ ते ४ टक्के असते आणि त्यातील पुष्कळसा कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूत विखुरलेला असतो. या पापुद्र्यांच्या कडा म्हणजे जणू तयार भेगाच. धक्का बसला की भेग एका पापुद्र्यापासून दुसऱ्याकडे धावत जाते.

भेगेचे हे महत्त्व ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. त्याने काचेचे तंतू ओढून त्यांची ताकद मोजली. तंतू जितका बारीक, तितकी त्याच्या जाडीच्या मानाने त्याची ताकद अधिक, असे त्याला आढळले. जाड काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात आणि सगळा ताण त्या भेगांच्या टोकाशी एकवटतो. काच अशी फुटते. काच कापणारा कारागीर पूर्ण काच कापत बसत नाही. तो पृष्ठभागावर एक बारीक ओरखडा ओढतो आणि हलकासा दाब देतो. उरलेले काम भेगच करते. पाथरवटही काळ्या दगडावर छिन्नीने ओळीने घाव घालतो आणि दगड हवा तेथे फोडतो. दगड ठिसूळ नसता तर पाटा-वरवंटाही घडला नसता, लेणीही कोरली गेली नसती. ठिसूळपणा हा काही केवळ दोष नाही.

ठिसूळ पदार्थ ओळखण्याची एक सोपी खूण आहे. फुटलेल्या कपाचे तुकडे एकत्र धरले तर ते एकमेकांत नेमके बसतात, कारण फुटण्यापूर्वी ते वाकलेले किंवा ताणलेले नसतात. ओढून तोडलेल्या तारेची टोके मात्र पुन्हा तशी जुळत नाहीत. तुटण्यापूर्वी ती लांबलेली, बारीक झालेली असतात.

ठिसूळपणा बदलतो

एखादा पदार्थ ठिसूळ की चिवट, हे त्याच्या कपाळी कायमचे लिहिलेले नसते. नागलीचा भाजलेला पापड डब्यातून काढल्याबरोबर कडकन मोडतो. तोच पावसाळ्यात उघडा राहिला की सादळतो आणि मग मोडण्याऐवजी वाकतो. हवेतील पाण्याचे रेणू पापडातील पिष्टाच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात आणि त्या साखळ्यांना सरकायला वाव मिळतो. पापड तोच, पण काल ब्रिटल होता, आज नाही.

पाण्याप्रमाणेच तापमानाचाही परिणाम होतो. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहरात ‘स्केनेक्टडी’ नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे होते. समुद्र खवळलेला नव्हता, वादळ नव्हते, शत्रूचा हल्ला नव्हता. थंडीच्या त्या रात्री प्रचंड आवाज झाला आणि ते पोलादी जहाज मधोमध जवळजवळ दुभंगले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घाईने बांधलेल्या आणखीही काही जहाजांची अशीच गत झाली. प्रथम सर्वांनी बोट दाखवले ते वेल्डिंगच्या कामाकडे. केंब्रिज येथील धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर या बाईंनी खोलात जाऊन तपास केला आणि दाखवून दिले की, त्या पोलादाचे तापमान एका ठरावीक मर्यादेखाली गेले की ते चिवट न राहता ठिसूळ बनते. वेल्डिंगमुळे जहाजाचे कवच सलग झाले होते, त्यामुळे एकदा निघालेली भेग न थांबता धावत गेली. रिव्हेट ठोकलेल्या जहाजात ती एका पत्र्याच्या कडेशी थांबण्याची शक्यता असते. पोलाद दुबळे नव्हते. ते थंडीत ‘मोडेन पण वाकणार नाही’ असे वागू लागले होते.

ठिसूळपणावर उपाय काय, हे आपल्या डोंगराळ भागातील माणसांना पूर्वीपासून ठाऊक आहे. कुडाची भिंत पाहा. नुसती माती वाळली की तडकते. म्हणून कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करून त्यावर शेण-मातीचा लेप देतात. मातीत गवत किंवा तूस कालवतात. भेग निघाली तरी काडी आडवी येते आणि भेगेला पुढे जाऊ देत नाही. सिमेंट काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या घालतात त्यामागेही ठिसूळ पदार्थाला चिवट पदार्थाचा आधार देण्याचेच तत्त्व आहे.

‘फ्रॅजाइल’ : वस्तूची अवस्था

आता ‘फ्रॅजाइल’कडे वळू. ‘ब्रिटल’ हे मुख्यतः पदार्थाचे वर्णन आहे : काच, बीड, दगड, वाळलेली माती. ‘फ्रॅजाइल’ हे मुख्यतः वस्तूचे वर्णन आहे. ती वस्तू थोड्याशा धक्क्याने बिघडेल, म्हणून जपून हाताळा, एवढेच तो शब्द सांगतो. ती तडकेल, फाटेल, चिरडेल की विस्कटेल, याविषयी तो काही बोलत नाही. पार्सलच्या खोक्यावर पेल्याचे चित्र काढून ‘फ्रॅजाइल’ असे छापलेले तुम्ही पाहिले असेल. आत काचेची भांडी असतील किंवा एखादे नाजूक यंत्र असेल. हमालाला आतला पदार्थ कळण्याची गरज नाही, त्याने खोके आपटू नये एवढेच पुरे.

आता बाजारातील वस्तूंची वाटणी करणे सोपे जाईल.

ब्रिटलही आणि फ्रॅजाइलही : काचेची बांगडी, कंदिलाची काच, अंड्याचे कवच.
ब्रिटल, पण फ्रॅजाइल नव्हे : बिडाचा तवा, पाटा-वरवंटा.
फ्रॅजाइल, पण ब्रिटल नव्हे : पिकलेला टोमॅटो, ओला कागद, कोळ्याचे जाळे.
ब्रिटलही नव्हे, फ्रॅजाइलही नव्हे : बैलाचा कासरा, रबरी टायर.

यातील कोळ्याचे जाळे विशेष विचार करण्याजोगे आहे. कोळ्याचा धागा त्याच्या जाडीच्या मानाने विलक्षण चिवट असतो. पण तो इतका बारीक असतो आणि जाळ्याची रचना इतकी विरळ असते की आपल्या हाताच्या एका फटकाऱ्याने ते नाहीसे होते. पदार्थ चिवट, तरी वस्तू फ्रॅजाइल! उलट, पाट्याचा दगड ठिसूळ, पण पाटा इतका जाड की तो पिढ्यान्पिढ्या टिकतो. पदार्थ आणि वस्तू हा भेद मनात पक्का झाला की, हे दोन शब्द पुन्हा एकमेकांत मिसळणार नाहीत.

बाकीचे भाऊबंद

याच कुळातील आणखी काही शब्दांची ओळख करून घेऊ.

ब्रेकेबल. हा सर्वांत साधा शब्द. ‘फुटू शकणारे’ एवढाच त्याचा अर्थ. किती सहज, कशा रीतीने, याविषयी तो मूक आहे.

डेलिकेट. यात मोडण्यापेक्षा बारीकपणाची, सुबकपणाची कल्पना आधी येते. फुलाच्या पाकळ्या, फुलपाखराचे पंख, घड्याळाचे यंत्र हे सारे डेलिकेट. मराठीतील ‘नाजूक’ या शब्दाला हाच सर्वांत जवळचा. आपण ‘नाजूक विषय’ म्हणतो, तसे इंग्रजीतही म्हणतात.

फ्रेल. हा बहुधा माणसांसाठी, विशेषतः वृद्ध किंवा आजारी माणसांसाठी वापरतात. ‘अशक्त’, ‘थकलेले’, ‘काटकुळे’ असे त्याचे अर्थ होतील. मडक्याला कोणी फ्रेल म्हणत नाही.

फ्लिम्झी. आपला ‘तकलादू’. यात थोडी नापसंती आहे. बाजारातली ती खेळणी, पातळ पत्र्याचे खुराडे, एकाच वापरात फाटणारी पिशवी, हे सारे फ्लिम्झी. अभ्यास न केल्याबद्दल तुम्ही सांगितलेली सबबसुद्धा फ्लिम्झी असू शकते!

क्रिस्प. ‘कुरकुरीत’. हा ठिसूळपणा हवाहवासा असतो. पापड क्रिस्प म्हटला की तोंडाला पाणी सुटते. ब्रिटल म्हटला की तो प्रयोगशाळेत गेला असे वाटते. वस्तू तीच, पण एक शब्द खाणाऱ्याचा, दुसरा तपासणाऱ्याचा.

फ्रायेबल. याचा तळण्याशी काही संबंध नाही बरे का! लॅटिनमधील ‘चुरणे’ अर्थाच्या धातूपासून तो आला आहे. बोटांनी दाबताच ज्याचा चुरा होतो, ते फ्रायेबल, मराठीत ‘भुसभुशीत’. मृदाशास्त्रात हा पारिभाषिक शब्द आहे. पाऊस पडून गेल्यावर माती चिकट चिखल नसते आणि दगडासारखे ढेकूळही नसते. अशा मधल्या अवस्थेला शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. वाफशावरची माती फ्रायेबल असते. जास्त पाणी असेल तर मातीला हवा तो आकार देता येतो. फार वाळली तर तिचे ढेकूळ ठिसूळ बनते. पाण्याच्या प्रमाणानुसार मातीच्या या अवस्था मोजण्याची पद्धत स्वीडनमधील आल्बर्ट अटरबर्ग याने १९११ साली मांडली. वाफसा ओळखणारा शेतकरी मात्र मूठभर माती हातात दाबून तेच सांगतो. औषधांच्या कारखान्यातही हा शब्द ऐकू येतो. गोळ्यांचा चुरा होतो का हे पाहण्यासाठी त्या एका फिरत्या पिंपात घालून १०० फेरे देतात. वजनातील घट साधारणपणे १ टक्क्याहून जास्त होऊ नये अशी अपेक्षा असते.

शब्दांचे मूळ

‘ब्रिटल’ हा अस्सल जुन्या इंग्रजी मातीतला शब्द. ‘तोडणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेला. ‘फ्रॅजाइल’ मात्र लॅटिनमधून आला. लॅटिनमधील ‘फ्रांगेरे’ म्हणजे मोडणे. याच मूळ शब्दावरून अस्थिभंगासाठी ‘फ्रॅक्चर’, तुकड्यासाठी ‘फ्रॅगमेंट’ आणि अपूर्णांकासाठी ‘फ्रॅक्शन’ हे शब्द आले. ‘फ्रेल’ आणि ‘फ्रॅजाइल’ तर मुळात एकच. एक फ्रेंचमधून झिजत झिजत आला, दुसरा थेट लॅटिनमधून. एकाच घरातील माणसे दोन दारांनी आत यावीत तसे. म्हणूनच त्यांचे चेहरे सारखे, पण कामे वेगळी.

अपूर्णांक म्हणजे ‘मोडलेली संख्या’ ही कल्पना आपल्याकडेही होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या सुमारे ११५० सालच्या ग्रंथात अपूर्णांकांना ‘भिन्न’ म्हटले आहे आणि ‘भिन्न’ म्हणजे मूळ अर्थाने फोडलेले, भेदलेले. आजच्या मराठीत त्याचा अर्थ ‘वेगळे’ असा झाला असला तरी ‘छिन्नभिन्न’ या शब्दात जुना अर्थ शिल्लक आहे.

जेथे चूक महागात पडते

कोणी म्हणेल, एवढी काटेकोर चर्चा कशासाठी? टोमॅटोला ब्रिटल म्हटल्याने काही आकाश कोसळत नाही. खरे आहे. पण हेच शब्द दवाखान्यात कसे वापरतात ते पाहा.

‘हाडे ठिसूळ झाली आहेत’ असे आपण सरसकट म्हणतो. इंग्रजीत तेथे दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. काही मुलांना जन्मतःच असा विकार असतो की, साध्या कारणाने त्यांची हाडे मोडतात. त्याचे रूढ इंग्रजी नाव ‘ब्रिटल बोन’ विकार. हाडात कॅल्शियमयुक्त खनिजामुळे कठीणपणा येतो आणि कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंमुळे चिवटपणा येतो. कुडातील माती आणि कारवी आठवा. या विकारात बहुधा कोलॅजेनच कमी किंवा सदोष असते. म्हणजे पदार्थातच खोट असते. उलट, उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, हाडे विरळ होत जातात. तेथे मुख्यतः हाडाचे प्रमाण आणि त्याची आतील जाळीदार रचना घटलेली असते. अशी व्यक्ती उभ्या उंचीवरून नुसती पडली आणि हाड मोडले, तर डॉक्टर त्याला ‘फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर’ म्हणतात. आणि वयामुळे सगळे शरीरच थकले, तोल जाऊ लागला, तर त्या अवस्थेला ‘फ्रेल्टी’ म्हणतात. एकाच आजीच्या कागदांवर यांपैकी दोन शब्द येऊ शकतात. तिन्हींना ‘ठिसूळ’ म्हणून मोकळे झालो, तर जन्मजात विकार कोणता, वयामुळे झालेली झीज कोणती आणि अशक्तपणा कोणता, हे घरच्यांना कळणारच नाही.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. महाराष्ट्रातील आदिवासी भागांत या आनुवंशिक आजाराची तपासणी होते. देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाची मोहीम २०२३ साली सुरू झाली. रक्तातील निरोगी लाल पेशी लवचीक असते. स्वतःहून अरुंद केशवाहिनीतूनही ती दुमडून पार होते आणि सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशीत प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे ताठ धागे बनतात, पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते आणि बहुधा १० ते २० दिवसांतच फुटते. इंग्रजी पुस्तकात अशा पेशीला ‘फ्रॅजाइल’ म्हटलेले आढळेल. त्याचे भाषांतर ‘नाजूक’ असे केले तर ती पेशी मऊ, लेचीपेची असावी असे वाटेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ती ताठ झाली म्हणूनच टिकत नाही. ‘फ्रॅजाइल’ हा शब्द मोडण्याची रीत सांगत नाही असे आपण वर म्हटले, त्याचा प्रत्यय येथे येतो.

मग शब्द कसा निवडावा?

स्वतःला तीन प्रश्न विचारा.

एक, मी पदार्थाविषयी बोलतो आहे की वस्तूविषयी? पदार्थ असेल आणि तो न वाकता तडकत असेल, तर ‘ब्रिटल’. चुरत असेल, तर ‘फ्रायेबल’. वस्तू असेल, तर ‘फ्रॅजाइल’.

दोन, ती निर्जीव वस्तू आहे की माणूस? थकलेल्या माणसासाठी ‘फ्रेल’.

तीन, माझ्या मनात तिच्याविषयी भाव कोणता आहे? कौतुकाने जपावीशी वाटत असेल, तर ‘डेलिकेट’. चवीने खावीशी वाटत असेल, तर ‘क्रिस्प’. पैसे वाया गेल्याची चुटपुट असेल, तर ‘फ्लिम्झी’.

शिक्षकांना एक विनंती. शब्दार्थ देताना फळ्यावर समोरासमोर एकेक शब्द लिहिण्याऐवजी वर्गात चार वस्तू आणाव्यात, त्या मोडून दाखवाव्यात आणि काय झाले ते मुलांना त्यांच्या बोलीत सांगू द्यावे. योग्य इंग्रजी शब्द त्यानंतर द्यावा. तो विसरला जाणार नाही.

करून पाहा

१. खडूची कांडी दोन्ही हातांनी धरून वाकवा. ती मोडेल तेथे जवळजवळ सरळ, आडवा काप दिसेल. आता दुसरी कांडी पिळा. या वेळी तुकड्याच्या टोकाशी तिरकी, मळसूत्रासारखी वळलेली कड दिसेल. पिळताना सर्वांत जास्त खेच तिरक्या दिशेने असते आणि ठिसूळ पदार्थ त्या खेचीला आडवा फाटतो. दोन्ही वेळा तुकडे पुन्हा जुळवून पाहा.

२. तांब्याची बारीक तार एकाच जागी वाकवत व सरळ करत राहा. प्रथम ती सहज वाकेल, मग ताठर होईल आणि शेवटी तुटेल. किती वेळा वाकवल्यावर तुटली, याची नोंद ठेवा.

३. कोंबडीचे स्वच्छ केलेले एक बारीक हाड आठवडाभर शिरक्यात बुडवून ठेवा. मधून मधून शिरका बदला. शिरक्यातील आम्लाने खनिज विरघळते, कोलॅजेन मागे राहते. नंतर हाड धुऊन वाकवून पाहा. ते मोडते की वाकते?

४. भाजलेल्या पापडाचा एक तुकडा बंद डब्यात आणि दुसरा उघड्यावर, ओल्या फडक्याजवळ ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही मोडा आणि फरक वहीत लिहा.

स्वाध्याय

पुढील ठिकाणी ब्रिटल, फ्रॅजाइल, फ्रेल, फ्लिम्झी, फ्रायेबल यांपैकी योग्य शब्द योजा.

१. वाफशावर आलेली नागलीच्या शेतातील माती.
२. काठी टेकत चालणारे, आजारातून उठलेले आजोबा.
३. थंडीने चिवटपणा गमावलेले जहाजाचे पोलाद.
४. कागदाच्या लगद्याचा, रंग उडू लागलेला, जपून ठेवलेला बोहाड्याचा जुना मुखवटा.
५. वाऱ्याच्या पहिल्या झोतात उलटी होणारी स्वस्त छत्री.

उत्तरे : १. फ्रायेबल. २. फ्रेल. ३. ब्रिटल. ४. फ्रॅजाइल. ५. फ्लिम्झी.

चौथ्या प्रश्नाला कोणी ‘डेलिकेट’ असे उत्तर सुचवले, तर ते चूक म्हणू नका. मुखवट्यावरील बारीक रंगकाम मनात धरून ते म्हणता येईल. पण ‘फ्लिम्झी’ म्हटले तर मात्र मुखवटा घडवणाऱ्या कारागिराला वाईट वाटेल. का, ते आता तुम्हीच सांगा.